ग्राफीन आणि नॅनोट्यूबचे अंगावर घालायचे सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर प्रश्न विचारणारे साधारण तीन प्रकारचे लोक असतात. प्रोजेक्ट शोधणारे इंजिनीअरिंगचे आणि एमएस्सीचे विद्यार्थी, बातमी वाचून कुतूहल वाटलेले वाचक, आणि घरात बीपी किंवा शुगरचा पेशंट असलेली माणसं. तिघांचीही उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. फक्त पेशंटच्या दृष्टीने माहिती हवी असेल, तर थेट ईसीजी, रक्तदाब आणि शुगरच्या प्रश्नांकडे जा.

हे सेन्सर म्हणजे नेमकं काय? स्मार्टवॉचमध्ये असतातच की!

स्मार्टवॉचच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो. त्याचा प्रकाश त्वचेत शिरतो, तिथल्या रक्ताच्या प्रमाणानुसार कमी-जास्त परततो आणि त्यावरून घड्याळ नाडी मोजतं. पण घड्याळ कडक असतं. हात जोरात हलला की घड्याळ आणि त्वचा यांच्यात फट पडते आणि आकडा बिघडतो. शिवाय ते बसतं मनगटावर. गुडघा किती वाकला, गिळताना गळा कसा हलला, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

लवचीक सेन्सर त्वचेबरोबर वाकतो आणि ताणला जातो. सिलिकॉन रबर, पॉलियुरेथेन, कापड किंवा अगदी पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यावर कार्बनचा (ग्राफीन आणि नॅनोट्यूब ही त्याचीच रूपं) वीज वाहून नेणारा थर बसवला, की झाला सेन्सरचा गाभा तयार. या एका नावाखाली तीन वेगळी कामं येतात. पहिलं, ताण किंवा दाब मोजणं: श्वास, नाडी, सांध्यांची हालचाल. दुसरं, शरीरात आपोआप तयार होणारे विजेचे संकेत टिपणं: ईसीजी, स्नायूंचा ईएमजी, मेंदूचा ईईजी. तिसरं, घामातली रसायनं ओळखणं. बातम्यांमध्ये या तिन्हींची सरमिसळ होते. पहिली दोन कामं बरीच पुढे गेली आहेत, तिसरं अजून अवघड आहे. वाचताना हा फरक धरून ठेवला तर निम्मा गोंधळ कमी होतो.

कार्बनच का? तांबं, चांदी चालत नाही का?

चालतं, पण मर्यादेत. ताण मोजायची धातूची पट्टी, म्हणजे स्ट्रेन गेज, पुलांच्या गर्डरवर आणि वजनकाट्यांत कित्येक दशकं विश्वासाने वापरली जाते. पण ती थोडेच टक्के ताण सहन करते, त्यापुढे धातू कायमचा ताणला जातो किंवा तुटतो. कोपर किंवा गुडघा वाकताना त्यावरची त्वचा ३० टक्क्यांहून जास्त ताणली जाते. शिवाय घामात मीठ असतं. तांबं हिरवं पडतं, चांदी काळवंडते. कार्बन घामाने गंजत नाही, तो हलका आहे, आणि त्याची शाई करून कापडावर छापता किंवा फवारता येते.

कार्बनची रूपं अनेक. काजळीच्या जातीचा कार्बन ब्लॅक सगळ्यात स्वस्त, टायरमध्ये तोच असतो. नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अणूंची पोकळ नळी. सुमिओ इइजिमा यांनी जपानमधल्या एनईसी कंपनीत १९९१ साली त्यांचं वर्णन केलं आणि जगभर त्यावर कामाची लाट उठली. अशा नळ्यांची चित्रं त्याआधीच्या काही शोधनिबंधांतही होती, पण लक्ष गेलं ते तेव्हा. ग्राफीन म्हणजे ग्रॅफाइटचा एकच अणू जाडीचा थर. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी मँचेस्टर विद्यापीठात साध्या चिकटपट्टीने तो सोलून काढला, २००४ मध्ये त्यावरचा निबंध आला आणि २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘पोलादाहून कितीतरी पट मजबूत’ हे वाक्य प्रत्येक बातमीत असतं. ते एकसंध, निर्दोष ग्राफीनच्या तुकड्याबद्दल खरं आहे. सेन्सरमध्ये मात्र सुरकुतलेले, फाटके, एकमेकांवर पडलेले तुकडे असतात आणि तिथे मजबुतीचा फारसा उपयोग नाही. उपयोग आहे तो या तुकड्यांच्या आपसातल्या स्पर्शाचा. तो कसा, ते पुढच्या उत्तरात.

ताणल्यावर सेन्सरला कळतं कसं?

नॅनोट्यूबचा थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर शेवयांच्या गुंत्यासारखा दिसतो. वीज एका नळीतून सहज जाते, पण थराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचायला तिला हजारो वेळा एका नळीवरून दुसरीवर जावं लागतं. खरी अडचण त्या सांध्यांवर असते. दोन नळ्या चिकटलेल्या असतील तर इलेक्ट्रॉन पार होतो. त्यांच्यात एक-दोन नॅनोमीटरची फट असली तरी क्वांटम टनेलिंगमुळे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या फट ओलांडण्याच्या गुणामुळे, काही इलेक्ट्रॉन पार होतात. पण फट जराशी वाढली की पार होणाऱ्यांची संख्या घातांकी वेगाने घसरते. रबर ताणलं की या फटी वाढतात, काही सांधे सुटतात आणि एकूण रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. आपण मोजतो तो हा रोध.

रबरात किती कार्बन मिसळायचा हेही यावरूनच ठरतं. फार कमी मिसळला तर नळ्यांची सलग वाट तयारच होत नाही आणि पट्टी वीज वाहत नाही. फार जास्त मिसळला तर इतक्या वाटा होतात की ताणून काही तुटल्या तरी फरक पडत नाही, आणि रबरही कडक होतं. मधे एक अरुंद पट्टा असतो, वाट नुकतीच जुळलेली. तिथे सेन्सर सगळ्यात तल्लख असतो. पण तिथेच मिश्रणातल्या छोट्या फरकाने दोन पट्ट्यांचे आकडे पूर्ण वेगळे येतात. तल्लखपणा आणि भरवसा यांची ओढाताण इथून सुरू होते.

दुसरा मार्ग तड्यांचा. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या एआयएसटी संस्थेत ताकेओ यामादा, केंजी हाता आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकाच दिशेने रचलेल्या नॅनोट्यूबचा पातळ थर सिलिकॉन रबरावर बसवला आणि नळ्यांच्या काटकोनात ताणला. थराला तडे गेले, पण तड्याच्या दोन्ही काठांना नळ्यांच्या जुड्या जोडून धरून राहिल्या. पुढे ताणलं की तडा रुंद होतो, सोडलं की मिटतो, पूल मात्र तुटत नाही. हा सेन्सर २८० टक्क्यांपर्यंत ताणला गेला आणि १५० टक्के ताणाच्या १०,००० फेऱ्या त्याने सोसल्या. त्यांनी तो मोज्यांवर, हातमोज्यांवर आणि बँडेजवर लावून दाखवला. या क्षेत्रातलं मला सगळ्यात आवडणारं काम हेच, कारण ज्या तड्यांना सगळे दोष समजत होते त्यांनाच या मंडळींनी मोजमापाचं साधन केलं.

दाबाच्या सेन्सरमध्ये उलटं घडतं. कार्बन लावलेला स्पंज दाबला की आतल्या भिंती एकमेकींना टेकतात, नव्या वाटा तयार होतात आणि रोध कमी होतो.

हे घरी करून बघता येईल का?

नक्की. नॅनोट्यूब लागत नाही, पेन्सिल पुरते. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते आणि ६बी किंवा ८बी मध्ये ग्रॅफाइट जास्त. एखाद्या जाड कागदावर किंवा व्हिजिटिंग कार्डाच्या कोऱ्या बाजूवर ५ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद पट्टा घट्ट, चकचकीत होईपर्यंत गिरवा. दोन्ही टोकांना तांब्याची चिकटपट्टी किंवा दुमडलेला अॅल्युमिनियम फॉइल लावून क्लिपने आवळा आणि मल्टिमीटर किलोओहमच्या पट्टीवर ठेवून जोडा.

आता कार्ड असं वाकवा की ग्रॅफाइट बाहेरच्या फुगीर बाजूला येईल. आकडा वाढतो. उलट बाजूला वाकवा, ग्रॅफाइट आत येऊ द्या, आकडा उतरतो. ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे एकदा दूर सरकतात, एकदा जवळ येतात.

ताण किती पडला याचा हिशेबही सोपा आहे. कार्डाची जाडी भागिले वक्राच्या त्रिज्येची दुप्पट. ०.३ मिलिमीटर जाडीचं कार्ड ३ सेंटिमीटर त्रिज्येच्या डब्यावर गुंडाळलं तर ०.३ भागिले ६०, म्हणजे ०.५ टक्के. समजा रोध १०० किलोओहमचा १०५ झाला, तर बदल ५ टक्के. ५ भागिले ०.५, म्हणजे १०. या आकड्याला गेज फॅक्टर म्हणतात. धातूच्या पट्टीचा तो साधारण २ असतो.

मग कार्ड सरळ करा आणि मल्टिमीटरकडे बघत राहा. आकडा पुन्हा बरोबर १०० वर येत नाही. थोडा वर राहतो, हळूहळू सरकतो. दहा-वीस वेळा वाकवल्यावर तर मूळ आकडाच बदललेला असतो. मुलांना हा प्रयोग दाखवताना बहुतेक जण हा भाग गाळतात, आणि माझ्या मते शिकण्यासारखं सगळ्यात जास्त त्यातच आहे.

गेज फॅक्टर जितका मोठा, तितका सेन्सर चांगला ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये जोनाथन कोलमन यांच्या गटाने २०१६ मध्ये लहान मुलांच्या खेळण्यातल्या सिलिकॉनच्या लगद्यात ग्राफीन मिसळलं. त्याचा गेज फॅक्टर ५०० च्या वर गेला. त्यावरून चालणाऱ्या छोट्या कोळ्याची पावलंही त्याने टिपली, मानेवरची नाडी तर सहजच. काम सुंदर आहे आणि त्यातलं भौतिकशास्त्र नवं होतं. पण तो लगदा ताणून सोडला की आतले ग्राफीनचे तुकडे हलत राहतात, पुन्हा जुळत राहतात आणि रोध वेळेनुसार बदलत जातो. धक्का कधी बसला हे तो उत्तम सांगतो. गुडघा आत्ता किती अंशांत वाकलेला आहे हे त्याला विचारू नये.

म्हणून सेन्सरला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. ताणताना ज्या वाटेने आकडा चढला, सोडताना त्याच वाटेने उतरतो का? सिलिकॉन रबर सावकाश मूळ जागी येतं, त्यामुळे चढ-उताराच्या दोन रेषा वेगळ्या पडतात आणि मधे फट राहते. हा झाला हिस्टेरेसिस. एकाच ताणावर धरून ठेवला तर आकडा स्थिर राहतो का? दुप्पट ताणाला दुप्पट बदल येतो का? एकाच तुकडीतल्या दहा सेन्सरचे आकडे जुळतात का? शोधनिबंधांच्या मथळ्यांत गेज फॅक्टर असतो आणि या प्रश्नांची उत्तरं बऱ्याचदा पुरवणी माहितीत दडलेली असतात. त्सुकुबाच्या त्या सेन्सरचा गेज फॅक्टर ४० टक्के ताणापर्यंत जेमतेम ०.८२ होता, धातूच्या पट्टीपेक्षाही कमी. तरी तो आजही संदर्भासाठी घेतला जातो, कारण तो पुन्हा पुन्हा तेच सांगायचा.

हे सेन्सर बनवतात कसे? फार महागडी यंत्रं लागतात का?

काहींना लागतात. चांगल्या प्रतीचं ग्राफीन तांब्याच्या पत्र्यावर, सुमारे १,००० अंश सेल्सिअसच्या भट्टीत मिथेन वायू सोडून वाढवतात. मग वरून पातळ प्लास्टिकचा थर देऊन खालचं तांबं आम्लासारख्या द्रावणात विरघळवतात आणि उरलेला तरंगता पापुद्रा हव्या त्या जागी उचलून घेतात. हात बसायला वेळ लागतो आणि पापुद्रे फाटतात.

पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या प्रयोगशाळेने एक वेगळी वाट दाखवली आणि लहान प्रयोगशाळांचं चित्र बदललं. पॉलिइमाइड नावाचं पिवळसर प्लास्टिक असतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी उष्णतारोधक केप्टॉन टेप याच जातीची. त्यावर अॅक्रिलिक कापायला वापरतात तो कार्बन डायऑक्साइड लेसर फिरवला की क्षणभराच्या प्रचंड उष्णतेने प्लास्टिकमधले इतर अणू वायू होऊन उडून जातात आणि मागे सच्छिद्र ग्राफीनचा काळा फेस उरतो. भट्टी नको, निर्वात पंप नको. संगणकावर जी आकृती काढाल तीच उमटते. पाट्या आणि लग्नपत्रिका कोरणाऱ्या दुकानांत असाच लेसर असतो. ताकद कमी ठेवली तर नीट कार्बन होत नाही, जास्त ठेवली तर टेप जळून भोकं पडतात. त्यामुळे आधी लहान चौकोनांची जाळी कोरून प्रत्येकाचा रोध मोजून घ्यावा लागतो. धूर विषारी असतो, एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय हे करू नका.

याशिवाय स्क्रीन प्रिंटिंग आहे, फवारणी आहे, शाईत कापड बुडवून वाळवणं आहे. पुण्या-मुंबईतल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांना परवडतील अशाच या सगळ्या पद्धती.

ईसीजीसाठी याचा काय फायदा?

इथे फायदा खरा आहे. दवाखान्यात छातीवर लावतात त्या गोल पट्ट्यांमध्ये चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचं इलेक्ट्रोड (संकेत टिपणारा भाग) असतं आणि वर ओलसर जेल. अर्ध्या तासाच्या ईसीजीला ते उत्तम. पण होल्टरसारखी (अंगावर बांधून फिरायचं ईसीजी यंत्र) २४ तासांची किंवा त्याहून लांब तपासणी असेल तर जेल वाळतं, संकेत खराब होतो, खाज सुटते, पुरळ येतं. ज्यांनी घरच्या माणसाला होल्टर लावलेलं पाहिलं आहे त्यांना हे माहीत आहे.

ईसीजीचा संकेत त्वचेवर साधारण १ मिलिव्होल्टचा असतो. तो स्वच्छ मिळवायचा तर इलेक्ट्रोड त्वचेच्या बारीक रेषांमध्ये बसायला हवा. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या नान्शू लू आणि देजी अकिनवांदे यांच्या गटांनी २०१७ मध्ये ग्राफीनचा टॅटू केला. प्लास्टिकच्या आधारासह त्याची एकूण जाडी ४६३ नॅनोमीटर. तो लहान मुलांच्या पाण्याने चिकटवायच्या टॅटूप्रमाणेच लावायचा. डिंक नाही, जेल नाही. इतका पातळ पापुद्रा त्वचेवर आपोआप धरून राहतो, ४० टक्क्यांहून जास्त ताणला जातो आणि जवळपास दिसतही नाही. ईसीजी, ईएमजी, ईईजी, त्वचेचं तापमान आणि ओलावा हे सगळं त्यांनी त्यावर मोजलं.

दुसरा मार्ग कपड्यांचा. राइस विद्यापीठातच मात्तेओ पास्क्वाली यांच्या गटाने नॅनोट्यूबचे धागे काढले आणि २०२१ मध्ये ते शिलाई मशीनवर टी-शर्टमध्ये नागमोडी टाक्यांनी शिवले. नागमोडी यासाठी, की कापड ताणलं तरी धागा तुटू नये. नुसता तंतू मशीनवर शिवण्याइतका जाड नव्हता, म्हणून सात-सात तंतूंच्या तीन जुड्या पिळून दोरा केला. हेच धागे इलेक्ट्रोडही झाले आणि तारही. धुतल्यावरही काम करत राहिले.

कमकुवत बाजू एकच, पण मोठी: शर्ट घट्ट बसायला हवा. सैल शर्टात धागा त्वचेवर घासतो आणि घासण्याचा संकेत हृदयाच्या संकेताहून मोठा येतो.

दंडावर पट्टा (कफ) न बांधता रक्तदाब मोजता येतो म्हणतात. खरं आहे का?

प्रयोगशाळेत, हो. अकिनवांदे आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे रुझबेह जाफरी यांच्या गटांनी २०२२ मध्ये मनगटावरच्या धमन्यांच्या रेषेत ग्राफीनचे टॅटू लावले. काही टॅटूंमधून अगदी अल्प, न जाणवणारा विद्युतप्रवाह सोडला आणि बाकीच्यांनी व्होल्टेज मोजलं. रक्त आलं की त्या भागाचा रोध उतरतो, गेलं की चढतो. या लाटेच्या आकारावरून संगणकाने रक्तदाबाचा अंदाज बांधला. वरच्या दाबातला फरक ०.२ ± ५.८ आणि खालच्या दाबातला ०.२ ± ४.५ मिलिमीटर पारा इतका आला, तोही पाच तासांहून जास्त वेळ. आकडे फार चांगले आहेत.

पण ‘अंदाज बांधला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सेन्सर मोजतो रोध. त्याचं रक्तदाबात रूपांतर करायला प्रत्येक माणसाची मोजणी आधी खऱ्या रक्तदाबाशी जुळवून घ्यावी लागते. आणि हा प्रयोग थोड्या स्वयंसेवकांवरचा आहे. रक्तवाहिन्या कडक झालेले वृद्ध, गर्भवती, हृदयाचे ठोके अनियमित असलेले पेशंट, अशा सगळ्यांवर तो तपासला जाईपर्यंत घरातलं दंडावर बांधायचं बीपी मशीन टाकू नका. औषधाचा डोस तर कोणत्याही मनगटी उपकरणाच्या आकड्यावरून स्वतः बदलू नका.

घामातून शुगर कळेल का? बोट टोचायचं थांबेल का?

आज, नाही. आणि जो कुणी आज कळते असं सांगून पट्टी किंवा अंगठी विकतो त्याच्यापासून दूर राहा. अमेरिकेची औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला, की त्वचेला न टोचता स्वतः रक्तशर्करा मोजतं असं कोणतंही स्मार्टवॉच किंवा स्मार्ट अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. दंडावर लावायचं सीजीएम, म्हणजे सतत ग्लुकोज मोजणारं उपकरण, मिळतं आणि ते उपयोगी आहे, पण त्याचा बारीक तंतू त्वचेखाली जातो आणि तिथल्या द्रवातलं ग्लुकोज मोजतो. ते घाम मोजत नाही.

अडचण कार्बनची नाही, घामाची आहे. घामात ग्लुकोज रक्ताच्या साधारण शंभराव्या भागाइतकं असतं. इतकं थोडं, की त्वचेवर राहिलेला गोड पदार्थाचा अंशही आकडा बिघडवू शकतो. घाम किती वेगाने येतो यावर प्रमाण बदलतं, त्याच्या आम्लतेवर सेन्सरमधल्या एन्झाइमचं काम बदलतं, आणि रक्तातला बदल घामात उशिरा दिसतो. एसीत बसलेल्या माणसाला घामच येत नाही, तो प्रश्न वेगळाच.

सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठात किम दे-ह्योंग यांच्या गटाने २०१६ मध्ये सोन्याची जोड दिलेल्या ग्राफीनची पट्टी केली. त्यांनी हे सगळे घटक गृहीत धरून एकाच पट्टीत ग्लुकोज, आम्लता, तापमान आणि ओलावा मोजायची सोय केली. शिवाय उष्णता दिल्यावर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध सोडणाऱ्या सूक्ष्म सुया बसवल्या. औषध देण्याचा भाग मधुमेही उंदरांवर तपासला. दिशा योग्य आहे, बाजारापर्यंतचं अंतर मात्र मोठं आहे.

यूरिक अॅसिडबाबत आशा जास्त आहे. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात वेई गाओ यांच्या गटाने २०१९ मध्ये लेसरने कोरलेल्या ग्राफीनच्या सेन्सरने गाऊटच्या (यूरिक अॅसिड साठून सांधे दुखणाऱ्या आजाराच्या) पेशंटच्या घामातलं यूरिक अॅसिड मोजलं. ते थेट इलेक्ट्रोडवर ओळखता येतं, एन्झाइम लागत नाही, म्हणून एक अडचण आपोआप कमी होते.

एक माहिती जाता जाता. तुम्ही बोट टोचून ज्या पट्टीवर रक्ताचा थेंब लावता, त्यातल्या पुष्कळ पट्ट्यांवरचं इलेक्ट्रोड छापील कार्बनचंच असतं. नॅनो नाही, साधी ग्रॅफाइटची शाई. पण कार्बन घराघरात रोज मोजमाप करतो आहे.

नॅनोट्यूब अंगाला अपायकारक आहेत का? अॅस्बेस्टॉससारख्या असतात असं वाचलं.

प्रश्न रास्त आहे, ‘काही होत नाही’ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. २००८ मध्ये एडिनबरामधल्या संशोधकांसह एका गटाने लांब, सरळ नॅनोट्यूब उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या तेव्हा अॅस्बेस्टॉससारखा दाह दिसला. आखूड किंवा गुंतलेल्या नळ्यांनी तसं झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ या विशिष्ट जातीला ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २बी गटात टाकलं. बाकीच्या जातींबद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश संस्थेने २०१३ मध्ये कामाच्या जागी हवेत घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली, जी फार कडक आहे. ग्राफीन ऑक्साइडबद्दल (ग्राफीनचं ऑक्सिजन जोडलेलं रूप) दिलासा देणारी गोष्ट म्हणजे २०२४ मध्ये एडिनबरातच १४ स्वयंसेवकांनी शुद्ध, पातळ तुकडे नियंत्रित प्रमाणात श्वासातून घेतले आणि लगेच दिसणारा अपाय आढळला नाही. दीर्घकाळाबद्दल मात्र त्यावरून काही सांगता येत नाही.

धोका आहे तो कोरडी पूड श्वासात जाण्याचा. म्हणजे पहिली काळजी वापरणाऱ्यापेक्षा बनवणाऱ्याची घ्यायला हवी. रबरात पक्क्या बसलेल्या नळ्या सहसा सुटत नाहीत. पण विद्यार्थ्यांनो, नॅनोट्यूबची बाटली टेबलावर, पंख्याखाली उघडणं बंद करा. ती फ्यूम हूडमध्येच (हवा बाहेर ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात) उघडा, एन९५ मास्क आणि हातमोजे घाला, शक्य तिथे पूड घेण्याऐवजी द्रवात मिसळलेला माल मागवा, सांडलं तर ओल्या कापडाने पुसा, झाडू मारू नका. यात मला कोणतीही सवलत मान्य नाही.

वापरणाऱ्याला होणारा त्रास बहुधा नॅनोचा नसतो, चिकटवायच्या डिंकाचा असतो. किंवा पट्टीखाली घाम कोंडल्याचा.

आपल्याकडच्या उकाड्यात आणि पावसाळ्यात हे टिकतील का?

कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर ही परीक्षाच आहे. बहुतेक कार्बनच्या थरांचा रोध तापमान वाढलं की उतरतो आणि ओलाव्यानेही बदलतो. सिलिकॉन रबर पाणी अडवतं पण वाफ आत जाऊ देतं. त्यामुळे वातानुकूलित प्रयोगशाळेत २५ अंशांवर जुळवलेला सेन्सर रत्नागिरीच्या दमट दुपारी दुसराच आकडा देतो. उपाय आहेत: शेजारी ताण न पडणारा दुसरा सेन्सर ठेवून त्याचा बदल वजा करणं, तापमान वेगळं मोजणं, आणि घाम बाहेर जाईल असा सच्छिद्र आधार वापरणं. माझं ठाम मत आहे, की आपल्याकडे काम करणाऱ्यांनी हीच बाजू हाती घ्यावी, कारण आपल्याला ती हवा आयतीच मिळालेली आहे.

महाराष्ट्रात यावर काम होतं का?

कार्बनच्या नॅनोपदार्थांवर जुनं काम आहे. आयआयटी मुंबईत महेश्वर शरण यांच्या प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात कापराच्या काजळीतून फुलरीन, म्हणजे चेंडूसारखे पोकळ कार्बनचे रेणू, मिळवले होते. पुढे मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी जपानमधल्या नागोयाच्या मेइजो विद्यापीठात कापराची वाफ लोहयुक्त उत्प्रेरकावर सोडून नॅनोट्यूब वाढवल्या. झाडापासून मिळणारा, स्वस्त आणि सहज उडून जाणारा कच्चा माल म्हणून कापूर निवडला होता. आरतीच्या ताटावरच्या काजळीत मात्र नॅनोट्यूब शोधू नका. तिथे उत्प्रेरकही नसतो आणि बंद भट्टीही.

पुण्यात पाषाण परिसरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची आयसर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणारी सी-मेट या तिन्ही संस्था जवळजवळ आहेत. ग्राफीनसाठी खास केंद्र मात्र केरळमध्ये उभं राहिलं, तिथलं डिजिटल विद्यापीठ, सी-मेट आणि टाटा स्टील यांच्या भागीदारीतून.

बाजारात मिळतात का? घेताना काय विचारावं?

अंगावर लावून उपचारासाठी विसंबावं अशी ग्राफीनची पट्टी घरगुती ग्राहकासाठी अजून सर्रास मिळत नाही. ‘ग्राफीन’ लिहिलेले पट्टे, मोजे, चादरी ऑनलाइन खूप दिसतात. त्यांत बहुतेक वेळा सेन्सर नसतोच. एखादं उपकरण आजाराचं मोजमाप करतं असा दावा असेल तर मेडिकल डिव्हाइस रूल्स, २०१७ खाली त्याला औषध नियामकाचा, म्हणजे केंद्राच्या सीडीएससीओचा किंवा राज्याच्या यंत्रणेचा, परवाना लागतो. परवाना क्रमांक मागा. आणि ॲपमधून जाणारी माहिती कुठे साठते, ती काढून टाकता येते का, हेही विचारा.

मला यावर प्रोजेक्ट करायचा आहे. सुरुवात कशी करू?

एकच सेन्सर, एकच सांधा, एकच प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, तर्जनी वाकण्याचा कोन. कार्बन ब्लॅक किंवा लेसरने कोरलेलं ग्राफीन पुरे आहे, नॅनोट्यूबसाठी अडून बसू नका. वर सिलिकॉन रबराचा पातळ थर द्या, नाहीतर घामाने आकडे भरकटतील. तारेचा सांधा ही सगळ्यात जास्त दगा देणारी जागा. सिल्व्हर पेस्ट लावा, वरून चिकटवा, आणि तार अशी फिरवून घ्या की ओढ सेन्सरवर येणार नाही.

मोजणीत हमखास होणारी गोची अशी. अर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅम करायच्या सर्किट बोर्डाचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग, ५ व्होल्टचे १,०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. सेन्सर आणि तेवढ्याच किमतीचा स्थिर रोध एकापुढे एक जोडून व्होल्टेज वाटून देणारा व्होल्टेज डिव्हायडर केला, तर सेन्सरचा रोध १ टक्का बदलल्यावर व्होल्टेज साधारण १२.५ मिलिव्होल्टने बदलतं. म्हणजे जेमतेम अडीच पायऱ्या. बोटासाठी चालून जाईल, नाडीसाठी काहीच दिसणार नाही. एडीएस१११५ सारखा १६ बिटचा एडीसी लावा. ४.०९६ व्होल्टच्या रेंजवर त्याची पायरी ०.१२५ मिलिव्होल्टची, त्यामुळे त्याच बदलाला शंभर पायऱ्या मिळतात.

आलेखात ताणताना आणि सोडताना अशा दोन्ही रेषा काढा. निदान शेकडो फेऱ्या करा आणि पहिल्या फेरीशेजारी शेवटची छापा. पहिल्या काही फेऱ्यांत आकडा खूप सरकतो, तो ‘बसण्याचा’ काळ असतो. तो वेगळा दाखवा, लपवू नका. एकाऐवजी पाच सेन्सर करा आणि पाचांचे आकडे द्या, जुळत नसले तरी. प्रत्येक नोंदीशेजारी खोलीचं तापमान आणि आर्द्रता लिहा. आणि परीक्षकांना दाखवण्याआधी एक दिवस तोच सेन्सर काढून, रात्रभर ठेवून, सकाळी पुन्हा लावून बघा. आधीची कॅलिब्रेशनची रेषा किती सरकली तो आकडा अहवालाच्या पहिल्याच पानावर घाला.